मैत्रिणींच्या कंपूत राहण्यासाठी मुलगी स्वतःला मिटवत आहे असे वाटते. पालकांनी काय करावे?

निळीशाई (प्रश्न)

नमस्कार. माझी मुलगी बारा वर्षांची आहे आणि सातवीत शिकते. गेल्या सहा-सात महिन्यांत तिच्या वागण्यात जो फरक पडला आहे त्याविषयी मी जरा सविस्तर लिहीत आहे, कारण घरात हा विषय निघाला की बोलणे एकतर रागावर जाते, नाहीतर "वयच आहे, येईल ताळ्यावर" या वाक्याशी संपते, आणि दोन्हींतून काहीच हाती लागत नाही.

तिला लहानपणापासून किड्यांची चित्रे काढण्याचा नाद होता. भिंग घेऊन तासभर एखाद्या भुंग्यापुढे बसायचे, त्याच्या पायांवरचे केससुद्धा नीट पाहायचे आणि मग ते बारीक टोकाच्या पेन्सिलीने वहीत उतरवायचे, हा तिचा रोजचा उद्योग. ती वही ती शाळेतही नेत असे. या वर्षी वर्गाची तुकडी बदलली, पाच जणींचा नवा कंपू जमला आणि वही आधी दप्तरातून बाहेर आली, मग टेबलावरून खणात गेली आणि आता कपाटाच्या तळाशी आहे. मी विचारले तेव्हा "ते लहान मुलांचं असतं" एवढेच उत्तर मिळाले. ते वाक्य तिचे नव्हते, कोणाकडून तरी ऐकून तिने ते जसेच्या तसे घरी आणले होते, असे मला तिच्या स्वरावरून वाटले. तिचे हसणे बदलले आहे, बोलण्यातले शब्द बदलले आहेत, आणि साधा प्रश्न विचारला तरी उत्तर देण्यापूर्वी ती क्षणभर थांबते, जणू हे उत्तर चालेल की नाही हे कोणाला तरी विचारून घेत आहे.

इथपर्यंत मी समजून घेतले असते. परंतु मागच्या आठवड्यात तिच्या पहिलीपासूनच्या मैत्रिणीच्या आईचा फोन आला. कंपूतल्या एका मुलीने ठरवले होते की या मैत्रिणीशी कोणी बोलायचे नाही. का, ते आजही कोणाला नीट सांगता येत नाही. मुलींचा मेसेजचा जो जुना ग्रुप होता तो तसाच ठेवून तिला वगळून दुसरा ग्रुप करण्यात आला आणि सगळे बोलणे तिकडे सुरू झाले. माझी मुलगीही त्या नव्या ग्रुपमध्ये आहे. आठ दिवस ती मैत्रीण मधल्या सुट्टीत एकटी बसत होती आणि माझी मुलगी चार बाके सोडून बाकीच्यांबरोबर बसत होती.

मी जाब विचारला तेव्हा ती म्हणाली, "मी काहीच केलं नाही. मी फक्त गप्प बसले." मी फार चिडले आणि नको ते बोलले. रात्री उशिरा ती माझ्या खोलीत आली आणि दिवा न लावताच म्हणाली, "मी तिच्याशी बोलले असते ना, तर पुढचा नंबर माझा होता." त्यानंतर ती बराच वेळ रडत होती आणि मला तिला काय सांगावे ते सुचले नाही.

तिला हा कंपू सोडायला सांगावे का? त्या मुलींच्या पालकांशी बोलावे का? आणि सगळ्यांत मोठा प्रश्न म्हणजे, आपल्याला स्वतःला काय आवडते, काय पटते, हे ओळखण्याची ताकद या वयाच्या मुलांमध्ये आपण कशी रुजवू शकतो? अनुभवी पालकांनी आणि शिक्षकांनी कृपया मोकळेपणाने लिहावे.

खडूफळा

ताई, मी बावीस वर्षे सहावी ते आठवीच्या वर्गांना शिकवत आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचताना माझ्या डोळ्यांपुढे कितीतरी चेहरे आले. सर्वप्रथम एक गोष्ट सांगते. "पुढचा नंबर माझा होता" हे तुमच्या मुलीचे वाक्य भित्रेपणाचे आहे असे कृपया समजू नका. तिने परिस्थिती अचूक वाचली आहे. वर्गातल्या सत्तेचा हिशोब मोठ्या माणसांना दिसत नाही, तो मुलांना स्वच्छ दिसतो, आणि म्हणूनच "तू त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस" हा आपला आवडता सल्ला मुलांना पोकळ वाटतो. दिवसाचे सहा तास ज्यांच्यात काढायचे त्यांच्याकडे लक्ष कसे द्यायचे नाही, हे आपण त्यांना कधीच सांगत नाही.

या वयात हे इतके तीव्र का असते, याविषयी बरेच संशोधन झाले आहे. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि कॅथरिन मोनाहन या मानसशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की बरोबरीच्या मुलांच्या प्रभावाला तोंड देण्याची क्षमता १४ ते १८ या वयात सातत्याने वाढत जाते, पण १० ते १४ या वयात तिच्यात फारशी वाढ दिसत नाही. म्हणजे पाचवी ते आठवी या काळात गटात सामावून जाण्याची ओढ जोरात असते आणि तिला आवर घालणारी ताकद मात्र अजून यायची असते. तुमच्या मुलीची जडणघडण कुठे चुकली म्हणून हे घडत आहे असे नाही.

आता मला जे खरोखर उपयोगाचे वाटते ते सांगते. सॉलोमन ॲश यांनी १९५१ मध्ये आणि त्यानंतरच्या काही वर्षांत केलेले प्रयोग कदाचित तुम्हाला माहीत असतील. समोर एक रेघ दाखवायची आणि बाजूच्या तीन रेघांपैकी तिच्याएवढी कोणती ते विचारायचे, इतका सोपा प्रश्न. पण गटातले बाकी सगळे आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे एकमुखाने चुकीचे उत्तर देत. अशा वेळी सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसणारे सोडून गटाचे चुकीचे उत्तर उचलले. हे सगळे महाविद्यालयात शिकणारे तरुण होते. बारा वर्षांच्या मुलीकडून आपण त्यांच्यापेक्षा जास्त अपेक्षा कशी करायची? परंतु मला त्याच प्रयोगाचा पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. गटातल्या फक्त एका माणसाने खरे उत्तर दिले की चुकीला मान डोलावण्याचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशावर येत असे. इतकेच काय, त्या एकाने वेगळेच चुकीचे उत्तर दिले तरीसुद्धा दबाव बराच सैल होत असे, कारण एकमत मोडलेले असे.

हे वाचल्यापासून माझी वर्ग हाताळण्याची पद्धत बदलली. एकट्या मुलाला "धीट हो" असे सांगणे मी जवळजवळ सोडून दिले आणि प्रत्येक मुलाला निदान एक साथीदार मिळेल अशी व्यवस्था करू लागले. बाकांची अदलाबदल, जोडीने करायचे प्रकल्प, वाचनालयात पुस्तके लावण्याचे काम दोघींवर सोपवणे, असे अनेक मार्ग वर्गशिक्षकाच्या हातात असतात आणि त्यात कोणाचे नाव घेऊन भाषण करावे लागत नाही. म्हणून तुम्ही वर्गशिक्षकांना अवश्य भेटा, पण कंपूतल्या मुलींची तक्रार घेऊन जाऊ नका. "या दोघींना एकत्र काम करण्याची संधी देता येईल का" एवढीच विनंती करा. त्या मुलींच्या पालकांना मात्र तूर्त फोन करू नका. माझ्या अनुभवात असा फोन संध्याकाळी होतो आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याची शिक्षा आपल्याच मुलीला मिळते.

एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एका मुलाच्या चालण्याची नक्कल करण्याचे खूळ पसरले होते. मी प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी दिली आणि नाव न लिहिता दोन प्रश्नांची उत्तरे लिहायला सांगितली: तुला स्वतःला ही नक्कल आवडते का, आणि वर्गातल्या किती मुलांना ती आवडत असेल असे तुला वाटते. पहिल्या प्रश्नाला अडतीसपैकी एकतीस जणांनी "नाही" लिहिले होते. दुसऱ्या प्रश्नाला बहुतेकांचे उत्तर "सगळ्यांना" किंवा "जवळजवळ सगळ्यांना" असे होते. मी फक्त हे आकडे फळ्यावर लिहिले आणि काही न बोलता धडा शिकवायला घेतला. नक्कल त्याच दिवशी थांबली असे नाही, पण त्यानंतर तिला हसणारे कमी होत गेले आणि हसणारे नसले की नक्कल फार दिवस टिकत नाही. तुमच्या मुलीलाही हाच प्रश्न घरी शांतपणे विचारून पाहा: कंपूतल्या पाच जणींपैकी किती जणींना त्या मैत्रिणीशी बोलायचे नव्हते, अगदी मनापासून? तिचे उत्तर बहुधा "एकीला" किंवा "दोघींना" असे येईल, आणि ते तिचे तिने मोजलेले असेल.

आठवीचाबाप

मी थोडक्यात लिहितो, कारण माझ्याकडे सल्ल्यापेक्षा चुकीचा अनुभव जास्त आहे. माझा मुलगा सातवीत असताना त्याच्या मित्रांमध्ये दुकानातून लहानसहान वस्तू न विचारता उचलण्याची पैज लागत असे. ते कळल्यावर मी त्याचा फोन काढून घेतला, त्या मुलांशी बोलण्यास बंदी केली आणि त्याच्याकडून वचन घेतले. वचन त्याने लगेच दिले. आज विचार करताना वाटते की ते त्याने ज्या पद्धतीने दिले त्याच पद्धतीने मित्रांच्या पैजेलाही होकार दिला असणार: समोर कोणी मोठ्या आवाजात काही मागितले की हो म्हणायचे आणि सुटका करून घ्यायची. बंदीमुळे त्याची मैत्री सुटली नाही, फक्त ती मला दिसेनाशी झाली आणि त्याला खोटे बोलण्याची सवय लागली. ती सवय मोडायला पुढे दीड वर्ष गेले.

आमच्यात बोलणे पुन्हा सुरू झाले ते रात्री चालायला जाऊ लागल्यावर. समोरासमोर बसवून विचारले की तो आरोपीसारखा बसत असे. बरोबरीने चालताना एकमेकांच्या चेहऱ्याकडे पाहावे लागत नाही आणि मधेच गप्प राहिले तरी चालते. पहिले दोन आठवडे तो काहीच बोलला नाही. मग एका रात्री त्याने आपणहून विचारले, "बाबा, तुम्हाला कधी कोणी करायला लावलं होतं का, जे तुम्हाला नको होतं?" मी खरे उत्तर दिले, अगदी लाजिरवाणे होते ते दिले. ताई, तुमची मुलगी अंधारात तुमच्या खोलीत आली ही फार मोठी गोष्ट आहे. माझा मुलगा तेव्हा आला नव्हता.

मधलीसुट्टी

मी शालेय समुपदेशक म्हणून काम करतो. वरच्या दोन्ही प्रतिसादांतील मुद्दे मला पटतात. आठवीचाबाप यांनी लिहिलेल्या एका वाक्याशी मात्र मला थोडा अधिक वेळ थांबायचे आहे. "समोर कोणी मोठ्या आवाजात काही मागितले की हो म्हणायचे" असे ते लिहितात. मुले नकार द्यायला कुठे शिकतात, असा प्रश्न मी पालकांच्या बैठकीत नेहमी विचारतो आणि बहुतेकांचे उत्तर "शाळेत" किंवा "मित्रांमध्ये" असे असते. माझे मत असे आहे की नकार देण्याचा पहिला आणि सर्वांत मोठा सराव घरात होतो, तोही आपल्याच विरोधात.

व्हर्जिनिया विद्यापीठातील जोसेफ ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात तेरा वर्षांच्या मुलांचे त्यांच्या आईशी होणारे मतभेद प्रत्यक्ष पाहिले आणि पुढची काही वर्षे त्या मुलांचा मागोवा घेतला. जी मुले आईशी वाद घालताना लगेच माघार घेत नसत आणि आदळआपट न करता कारणे देऊन आपली बाजू मांडत असत, ती पुढे दारू आणि अमली पदार्थांच्या बाबतीत मित्रांच्या दबावाला कमी बळी पडली. अशा अभ्यासातून एक गोष्ट दुसरीचे कारणच आहे असे सिद्ध होत नाही, हे मी जाणून आहे. तरीही माझ्या खोलीत येऊन बसणाऱ्या मुलांकडे पाहताना मला हे रोज जाणवते. ज्या घरात "उलट बोलू नकोस" हे अखेरचे वाक्य असते त्या घरातले मूल बाहेरही उलट बोलू शकत नाही, आणि मग आपण विचारतो की त्याने मित्रांना नाही का म्हटले नाही.

म्हणून निळीशाई ताई, पुढच्या वेळी मुलगी तुमच्याशी असहमत होईल तेव्हा विषय लहान असला तरी तो वाद पूर्ण होऊ द्या. "तुला असं का वाटतं ते मला पटवून दे" असे म्हणा आणि तिचे कारण खरोखर पटण्यासारखे असेल तर तुमचा निर्णय तिच्यादेखत बदला. आपण दिलेल्या कारणाने एक मोठे माणूस बदलले, हा अनुभव मुलाच्या अंगी जे बळ आणतो ते कोणत्याही भाषणाने येत नाही. याचा अर्थ प्रत्येक गोष्टीत मुलांचे ऐकायचे असा नाही. सुरक्षिततेच्या बाबी वादासाठी खुल्या नसतात, हेही त्यांना ठाऊक असले पाहिजे.

दुसरी गोष्ट अगदी व्यवहाराची आहे. ऐन वेळी मुलांना शब्द सापडत नाहीत. त्या क्षणी विचार करायला जागाच नसते, म्हणून शब्द आधीपासून तोंडात बसलेले असावे लागतात. मी मुलांकडून अक्षरशः मोठ्याने म्हणवून घेतो. "नको, मला नाही करायचं", एवढेच, पुढे कारण न देता, कारण दिलेल्या प्रत्येक कारणावर समोरचा वाद घालतो. "उद्या सांगते" हे वाक्यही फार कामाचे आहे, कारण दबावाचा जोर त्या क्षणातच असतो. आणि तिसरे, आपली ढाल मुलाला वापरू द्या: "आईला कळलं तर माझी खैर नाही" असे म्हणून तुमच्या मुलीने सुटका करून घेतली तर तुम्ही त्या कंपूत कडक आई ठरलात तरी बिघडत नाही. काही घरांत पालक आणि मुले मिळून एक खुणेचा मेसेज ठरवून ठेवतात. तो आला की पालकांनी फोन करून "ताबडतोब घरी ये" म्हणायचे आणि घरी आल्यावर त्या रात्री तरी काहीही विचारायचे नाही. मी पाहिलेल्या कुटुंबांत हा उपाय चालतो तो त्या शेवटच्या अटीमुळे.

आता त्या एकट्या पडलेल्या मैत्रिणीविषयी. आपल्या मुलीच्या मनःस्थितीची काळजी करताना तिला विसरून चालणार नाही. "मी फक्त गप्प बसले" हे तुमच्या मुलीच्या दृष्टीने खरे आहे, पण चार बाके पलीकडे बसलेल्या मुलीला पाच जणींचे गप्प बसणे सारखेच ऐकू येते. हे तिला रागावून न सांगता, एकदाच आणि स्पष्ट सांगा. कंपूसमोर माफी मागायला लावू नका. ते तिला आज झेपणार नाही आणि जे झेपत नाही ते केल्याचे नाटक करण्यात अर्थ नाही. मात्र एकान्तात ती काही करू शकते: एक फोन, एक चिठ्ठी, शाळेच्या वाटेवरची पाच मिनिटे. "तू एकटी होतीस तेव्हा मी आले नाही, ते चुकलं" एवढे वाक्य पुरेसे आहे. मैत्रिणीने लगेच माफ केले नाही तर तो तिचा हक्क आहे, याचीही तयारी करून द्या.

एक सूचना सर्वच वाचकांसाठी. वाळीत टाकण्यापलीकडे प्रकरण गेले असेल, म्हणजे धमक्या, पैशांची मागणी, कोणाचे खाजगी फोटो फिरवणे, किंवा मूल जेवेनासे-झोपेनासे होणे, शाळेत जाण्यास ठाम नकार देणे, स्वतःला इजा करण्याविषयी बोलणे, यांपैकी काहीही दिसले तर वर लिहिलेला संयम बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी शाळेशी व तज्ज्ञांशी बोला. तेथे मुलाने स्वतः मार्ग काढावा अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

शब्दवेध

सर्व प्रतिसाद मनापासून लिहिलेले आहेत, तरीही मला एक वेगळी बाजू मांडावीशी वाटते, आणि ती निळीशाई ताईंना जराशी टोचेल याची मला जाणीव आहे. माझी मुलगी आता पंचवीस वर्षांची आहे, म्हणून थोडे दुरून पाहता येते.

किड्यांची चित्रे काढणारी मुलगी हीच तुमची खरी मुलगी आणि कंपूत हसणारी मुलगी ही खोटी, असे आपण गृहीत धरले आहे का? "ते लहान मुलांचं असतं" हे वाक्य तिने दुसरीकडून आणले असेल. पण "माझ्या मुलीला किड्यांचा नाद आहे" हे वाक्यही अनेक वर्षे घरात, पाहुण्यांसमोर, कौतुकाने म्हटले गेले असेल. तेही तिच्यावर बाहेरूनच आलेले आहे. बारा वर्षांच्या मुलीला एखाद्या दिवशी भुंग्यांचा कंटाळा आला तर तो तिने कोणाला सांगायचा?

एरिक एरिक्सन यांनी पौगंडावस्थेचे मुख्य काम म्हणजे स्वतःची ओळख घडवणे, असे मांडले, हे अनेकांना माहीत असते. त्याच विचाराला धरून जेम्स मार्शिया यांनी १९६६ मध्ये केलेली मांडणी पालकांनी अधिक वाचायला हवी असे मला वाटते. त्यांनी ओळखीच्या चार अवस्था सांगितल्या. शोधही नाही आणि बांधिलकीही नाही, ही एक. शोध चालू आहे पण अजून काही ठरलेले नाही, ही दुसरी. शोध घेऊन काही ठरवले, ही तिसरी. आणि चौथी, जिच्याकडे आपले लक्ष जात नाही: स्वतः काहीच न शोधता, घरच्यांनी हाती दिलेली ओळख जशीच्या तशी स्वीकारलेली. बाहेरून पाहता या चौथ्या अवस्थेतले मूल अतिशय स्थिर आणि शहाणे दिसते. माझी मुलगी तशी होती. ती कोणाच्याही कंपूच्या आहारी गेली नाही, याचा मला अभिमान वाटत असे. ती माझ्या आहारी गेलेली होती हे मला तिच्या विसाव्या वर्षी कळले, जेव्हा माझ्याच आवडीचे शिक्षण अर्धवट सोडून ती घरी येऊन बसली आणि "मला काय आवडतं ते मला माहीतच नाही" असे म्हणाली.

म्हणून मला कंपूची तेवढी भीती वाटत नाही. केस बांधण्याची पद्धत, हसणे, नवे शब्द, हे अंगावर चढवून पाहायचे कपडे आहेत. काही ठेवले जातील, काही उतरवले जातील. मैत्रिणीला एकटे पाडणे ही मात्र आवडीनिवडीची बाब नाही, तिथे घराने स्पष्ट भूमिका घ्यायलाच हवी, आणि त्याविषयी मधलीसुट्टी यांनी लिहिले आहे ते योग्यच आहे. माझे म्हणणे एवढेच की या दोन गोष्टी एकाच यादीत लिहू नयेत. तिने वही बंद केली म्हणून तुम्हाला झालेले दुःख आणि तिने मैत्रिणीला सोडले म्हणून झालेले दुःख तुम्ही एकाच स्वरात तिच्यापुढे मांडलेत, तर दुसरी गोष्ट किती गंभीर आहे हे तिला कळणार नाही.

एक विचारून पाहता येईल. "तुला काय आवडतं?" हा प्रश्न या वयात फार मोठा असतो. "आज दिवसभरात कोणत्या वेळी तुला कोणाकडे बघावंसं वाटलं नाही?" असे विचारा. ज्या कामात असताना इतरांच्या चेहऱ्यांकडे पाहण्याची गरज वाटत नाही, तिथे बहुधा आपले स्वतःचे काहीतरी असते. उत्तर किडे नसेल तर चेहऱ्यावर काही दाखवू नका.

निळीशाई (तीन आठवड्यांनंतर)

सर्वांचे मनापासून आभार. उशिरा लिहीत आहे, कारण काही करून पाहिल्यावरच लिहायचे असे ठरवले होते.

शब्दवेध ताई, तुमचा प्रतिसाद मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला राग आला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचला तेव्हा आठवले की तिच्या गेल्या चारही वाढदिवसांना मी तिला पेन्सिली, भिंगे आणि कीटकांची पुस्तकेच दिली आहेत. तिने दुसरे काही मागितले होते का, हे मला आठवेना. मी वहीचा विषय काढणे थांबवले आहे. तुम्ही सुचवलेला प्रश्न विचारला तेव्हा ती बराच वेळ विचार करत राहिली आणि म्हणाली, "रिले शर्यतीत, बॅटन हातात आल्यावर." ती धावते हेच मला नीट माहीत नव्हते. शाळेच्या संघासाठी चाचणी द्यायची का, हे तिने अजून ठरवलेले नाही आणि मीही विचारलेले नाही.

खडूफळा ताई, तुमचा मोजणीचा प्रश्न मी चालता चालता विचारला. तिने बोटांवर एकेकीचे नाव घेत मोजले आणि मधेच थांबली. "एकच," ती म्हणाली, आणि नंतर, "म्हणजे बाकीच्या पण माझ्यासारख्याच घाबरल्या होत्या?" मी उत्तर दिले नाही. चार दिवसांनी त्या बाकीच्यांपैकी एकीला तिने हे विचारले, आणि ती मुलगी "हो" म्हणाली असे मला नंतर कळले. त्या दोघी आता काही वेळा कंपूतून उठून वाचनालयात जातात. कंपू तिने सोडलेला नाही आणि मी सोडायला सांगितलेले नाही.

जुन्या मैत्रिणीला तिने चिठ्ठी लिहिली. ती तिने मला दाखवली नाही, फक्त "चुकलं" या शब्दावर अनुस्वार येतो का, एवढे विचारले. मैत्रिणीने उत्तरात लिहिले की तिला अजून राग आहे आणि सध्या तिला बोलायचे नाही. मुलगी दोन दिवस गप्प होती. मी तिच्या आईला फोन करून मध्यस्थी करावी असे मला अनेकदा वाटले, पण मधलीसुट्टी यांनी लिहिलेले आठवून हात आवरला. मी स्वतः जे बोलले होते त्याबद्दल मात्र मुलीची माफी मागितली.

घरातल्या वादांचे सांगायचे तर झोपण्याच्या वेळेवरून परवा आमचा पाऊण तास वाद झाला आणि शनिवारपुरते तिचे म्हणणे मला मान्य करावे लागले. तिच्या बाबांना हे अजिबात पटलेले नाही. त्यांच्याशी माझी चर्चा चालू आहे.

वर्गशिक्षकांना भेटून आले. पुढच्या महिन्यात विज्ञानाचे प्रकल्प जोडीने करायचे आहेत आणि जोड्या त्या स्वतः लावणार आहेत. त्या दोघींना एकत्र घ्यावे की मैत्रिणीचा राग निवळेपर्यंत थांबावे, हे मला ठरवता येत नाही. मैत्रिणीची इच्छा आधी तिलाच विचारावी असे मी वर्गशिक्षकांना सुचवणार आहे. खडूफळा ताई, यात काही धोका दिसत असेल तर अवश्य लिहा.

खडूफळा

धोका दिसत नाही, उलट हेच योग्य आहे. फक्त विचारताना दोघी समोर नसाव्यात, आणि तिने "नको" म्हटले तर ते तुमच्या मुलीपर्यंत पोहोचू नये, एवढे वर्गशिक्षकांना सांगून ठेवा. मी नेहमी प्रत्येक मुलाकडून तीन पसंतीची नावे चिठ्ठीवर लिहून घेते आणि चिठ्ठ्या कोणालाही दाखवत नाही. तसे केले तर विचारण्याची वेळच येत नाही.